दोन पतंग आणि समुद्र

मकरसंक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर पतंग उडविणाऱ्या मुलास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. वारा भरला कीं दोरा ताणतो, आणि ताणलेला दोरा हाताला ओढूं लागतो. पतंग कागदाचा व लहान, म्हणून ही ओढ बोटांपुरतीच राहते. तोच पतंग दहा-बारा चौरस मीटर कापडाचा केला, आणि उडविणाऱ्याच्या पायांखालीं गच्चीच्या ऐवजीं पाण्यावरची एक फळी दिली, तर ती ओढ माणसालाच घेऊन धावूं लागेल. काइटसर्फिंग या नांवानें जगभर प्रसिद्ध झालेल्या खेळाचें मूळ तत्त्व इतकेंच आहे.

कल्पना नवी नाहीं. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं जॉर्ज पोकॉक नांवाचे एक शाळामास्तर होते. त्यांनीं १८२६ सालीं पतंगांनीं ओढावयाच्या गाडीचें पेटंट घेतलें, आणि ती गाडी रस्त्यावरून खरोखरीच पळवून दाखविली. पुढें १९०३ सालीं सॅम्युअल कोडी या जन्मानें अमेरिकन असलेल्या गृहस्थानें पतंगानें ओढलेल्या होडींतून इंग्लिश खाडी ओलांडली. म्हणजे पतंगाच्या अंगीं माणसाला ओढण्याचें बळ आहे, हें शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालें होतें. तरीही एकट्या माणसानें साध्या फळीवर उभें राहून समुद्रावर धावावें, हें सर्वसामान्यांच्या आवांक्यांत येण्यास विसावें शतक संपत यावें लागलें. या विलंबाचें कारण पतंगाच्या बळांत नव्हतें. पाण्यांत पडलेला पतंग पुन्हां उठवावयाचा कसा, या प्रश्नाचें उत्तर कोणापाशीं नव्हतें.

हा प्रश्न आज आपल्या घरांतही येऊन पोंचला आहे. गोव्यांत पेडणें तालुक्यांतील मोरजीच्या किनाऱ्यावर आणि दक्षिणेस रामेश्वरच्या परिसरांत हा खेळ शिकविला जातो. सुटींत तेथें जाऊन आलेला तरुण घरीं परत येतो तो पतंग विकत घेण्याचा हट्ट धरूनच. दुकानदारापाशीं त्याला दोन जाती दिसतात. एकीस फॉइल म्हणतात. दुसरी जात हवा भरून फुगवावयाची असते. तिला येथें नळीचा पतंग म्हणूं. किंमत दोहींचीही अशी कीं घरांतील वडील मंडळींस विचार पडावा; आणि किंमतीपेक्षांही मोठा विचार मुलाच्या जिवाचा. तेव्हां या दोन जातींत भेद कोणता, आणि निवड कोणत्या कसोटीवर करावी, हें समजून घेणें अगत्याचें आहे.

आपल्या कागदी पतंगाला आकार देते ती बांबूची कामटी. एक उभी, एक वांकवलेली. ती मोडली कीं पतंग म्हणजे नुसता कागद. समुद्रावरच्या या दोन्ही पतंगांत बांबू नसतो. दोहोंतही कामटीचें काम हवेकडेच सोंपविलेलें असतें. परंतु ती हवा कोठून यावयाची, याबाबत दोघांचे मार्ग अगदीं भिन्न आहेत.

फॉइल पतंगाला कामटी नाहींच. त्याला कापडाचे दोन पापुद्रे असतात, एक वरचा आणि एक खालचा. त्यांच्या मध्यें कापडाचेच उभे पडदे शिवून अनेक कप्पे पाडलेले असतात, आणि कप्प्यांत हवा शिरण्यासाठीं पुढच्या कडेला तोंडें ठेवलेलीं असतात. वारा या तोंडांतून आंत शिरतो, आंतील दाब वाढतो, आणि मघांशीं वाळूवर चोळामोळा होऊन पडलेलें कापड विमानाच्या पंखासारखें ताठ होतें. कॅनडांत जन्मलेल्या व अमेरिकेंत काम करणाऱ्या डोमिना जाल्बर्ट यांनीं १९६४ च्या सुमारास ही रचना सिद्ध केली. विमानांतून उडी घेणाऱ्यांच्या आजच्या चौकोनी हवाई छत्र्या त्याच वंशांतल्या. कप्पे अनेक, म्हणून त्यांचा भार वाटून घेण्यासाठीं कण्णीही एक-दोन दोऱ्यांची पुरत नाहीं. झाडाच्या फांद्या-डहाळ्यांप्रमाणें ती फुटत फुटत साऱ्या पतंगाला जाऊन भिडते.

नळीच्या पतंगांत कापडाचा पापुद्रा एकच. त्याच्या पुढच्या कडेला धनुष्यासारखी वांकडी, जाड कापडाची नळी शिवलेली असते, आणि तिच्यापासून मागें जाणाऱ्या बहुधा तीन लहान नळ्या असतात. या नळ्यांच्या आंत सायकलच्या ट्यूबप्रमाणें हवा धरणारी पिशवी असते. किनाऱ्यावर उभें राहून हातपंपानें ती घट्ट भरावयाची आणि तोंड बंद करावयाचें. एकदां हवा भरली कीं वारा असो वा नसो, पतंगाचा सांगाडा जसाच्या तसा राहतो. फॉइलमधील हवा वाऱ्याकडून क्षणोक्षणीं उसनी घेतलेली असते. नळींतील हवा स्वतःच्या गांठीला बांधलेली असते. पुढचें सारें तारतम्य या एका भेदांतून निघतें.

प्रथम फॉइलची बाजू पाहूं. त्याची पुढची कड पातळ व सुबक असते, त्यामुळें वाऱ्याला अडथळा कमी होतो. पंप, पिशव्या, जाड नळ्या हें ओझें नसल्यानें तो आकाराच्या मानानें हलका असतो, आणि घडी घातली कीं पाठीवरच्या पिशवींत मावतो. वारा मंद असतांही तो हवेंत तग धरतो. समुद्रावर वाऱ्याचा वेग नॉटमध्यें मोजतात. एक नॉट म्हणजे ताशीं सुमारें १.८५ किलोमीटर. नळीचा पतंग व साधी फळी घेऊन धावावयाचें तर बहुधा बारा नॉटच्या आसपास वारा लागतो. जाणत्या माणसाच्या हातीं मोठा फॉइल पतंग असला, आणि त्याच्या फळीखालीं पाण्यांत चालणारा पंख असला, तर सात-आठ नॉटवरही तो निघतो. या पाण्यांतील पंखाला हायड्रोफॉइल म्हणतात. नांवांत साम्य आहे म्हणून घोंटाळा होऊं नये. तो फळीचा भाग आहे, पतंगाचा नव्हे, आणि कोणत्याही जातीच्या पतंगाबरोबर तो वापरतां येतो.

फॉइलचे हे गुण शर्यतींत पूर्णपणें प्रकट होतात. पॅरिसच्या २०२४ सालच्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला प्रथमच स्थान मिळालें, आणि त्याच्या शर्यती मार्सेय बंदराच्या समुद्रांत झाल्या. पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटुस व स्त्रियांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज यांनीं सुवर्णपदकें मिळविलीं. सिंगापूरचा मॅक्स मेडर अवघ्या सतरा वर्षांचा. त्यानें आपल्या देशाच्या राष्ट्रीय दिनींच, ९ ऑगस्ट रोजीं, कांस्यपदक पटकाविलें. या शर्यतींतील खेळाडूंच्या हातीं फॉइल पतंगच होते. वाऱ्याच्या दिशेला तिरकें कापीत वर चढण्यांत आणि वेगांत नळीचा पतंग त्यांच्या जवळपासही येत नाहीं. असें दृश्य पाहिल्यावर नवशिक्याच्या मनांत साहजिकच येतें कीं, उत्तम तें आपणही घ्यावें.

येथेंच घात होतो. मार्सेयच्या पाण्यांत त्या खेळाडूंच्या पाठीशीं काय होतें, हें चित्रांत दिसत नाहीं. शर्यतीच्या मैदानाभोंवतीं मदतीच्या नौका सज्ज असतात. पतंग पाण्यांत पडला आणि उठला नाहीं, तर खेळाडूची शर्यत जाते, परंतु जीव जात नाहीं. नौका येते आणि त्याला उचलून नेते. शिवाय प्रत्येक खेळाडू वर्षानुवर्षें तेंच काम करीत आलेला. त्याच्या हातून पतंग पडतो तो क्वचित्. नवशिक्याच्या हातून तो घडोघडीं पडणार, आणि त्याच्या मागें नौका बहुधा नसणार.

मग पडलेल्या फॉइलचें काय होतें? वारा एकदम मंदावला, किंवा उडविणाऱ्यानें दांडी वेळीं ओढली नाहीं, म्हणजे दोऱ्या सैल पडतात. उसनी हवा परत जाते, कप्प्यांतील दाब नाहींसा होतो, आणि मघांचा ताठ पंख धोतराच्या घडीसारखा मिटून खालीं येतो. पाण्यावर खेळण्यासाठीं केलेल्या फॉइलच्या तोंडांशीं आंत शिरलेली हवा बाहेर पडूं नये असे एकेरी पडदे बसविलेले असतात, हें खरें. त्यामुळें तो कांहीं मिनिटें तरंगतो, आणि मागच्या दोऱ्या ओढून त्याला उलटा चालवीत वर काढण्याची एक युक्तीही आहे. पण ती युक्ति सरावाची आहे, आणि सराव नसलेल्याची मिनिटें भराभर सरतात. लाटा वरून आपटत असतात. पाणी कप्प्यांत शिरूं लागतें. शंभर फांद्यांची ती कण्णी गुंतूं लागते. अखेर हातीं राहते ती पाण्यानें भरलेली, मणभर वजनाची कापडी पिशवी. ती उडत नाहीं, आणि सोडून दिल्याखेरीज पोहूंही देत नाहीं.

नेमक्या या प्रसंगाचा विचार फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील दोन भावांनीं केला. ब्रुनो व डोमिनिक लगेन्यू हीं त्यांचीं नांवें. समुद्रावरच वाढलेले ते दोघे. पतंग पाण्यांत पडणारच, हें त्यांनीं गृहीत धरलें, आणि पडल्यावर तो पुन्हां उठेल कसा, येथून आपल्या रचनेस आरंभ केला. त्यांनीं पतंगाच्या कडेला हवाबंद नळी दिली आणि नोव्हेंबर १९८४ मध्यें पेटंटासाठीं अर्ज केला. हवाबंद नळी बुडत नाहीं, आणि ती पतंगाचा आकार मोडूं देत नाहीं. असा पतंग पाण्यावर पालथा पडला तरी एका बाजूची दोरी ओढून धरली कीं तो कुशीवर वळतो, सरकत सरकत वाऱ्याच्या कडेला जातो आणि तेथून आपोआप वर उठतो. एका तपाहून अधिक काळ या शोधाची फारशी कोणी दखल घेतली नाहीं. १९९७ च्या सुमारास तो बाजारांत रुजला, आणि मग थोड्याच वर्षांत हा खेळ जगाच्या किनाऱ्याकिनाऱ्यावर पसरला. जो पतंग अधिक ओढतो त्यानें हा खेळ लोकांच्या हातीं दिला नाहीं. जो पडून उठतो त्यानें दिला.

त्या आरंभीच्या पतंगांत एक मोठी उणीव होती. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दहा नॉटचा वारा वीस नॉट झाला तर ओढ दुप्पट होत नाहीं, चौपट होते. असा झोत आला असतां जुना, खोल कमानीचा पतंग पुरेसा ढिला करतां येत नसे, आणि माणूस फरफटत जाई. ब्रुनो लगेन्यू यांनींच पुढें चपटा, धनुष्याकृति पतंग तयार केला आणि २००५ च्या सुमारास तो प्रचारांत आला. त्याची दांडी पुढें लोटली कीं ओढ जवळजवळ नाहींशी होते. ढील देण्याची कला गच्चीवरच्या मुलाला ठाऊक असते. या पतंगांत ती दांडीच्या हातभर चालींत आणून बसविली आहे. त्याखेरीज कमरेच्या पट्ट्याशीं एक खटका असतो. तो दाबला कीं पतंग एकाच दोरीवर लटकून निष्प्राण होतो. आणि तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर दुसऱ्या खटक्यानें त्याचा संबंधच तोडतां येतो. पतंग कोणत्याही जातीचा असो, हे दोन खटके डोळे मिटून हातीं लागले पाहिजेत.

नळीचा पतंग निर्दोष आहे असें मात्र नव्हे. त्याची जाड नळी वारा अडविते, म्हणून मंद वाऱ्यांत तो जड पडतो. आणि वारा अगदींच पडला तर तोही पाण्यावरून उठत नाहीं, नुसता तरंगतो. शंख-शिंपल्यांवर घासून पिशवीला भोंक पडतें, झडप गळते, उन्हानें चिकटविलेले जोड सुटतात. नळी भर समुद्रांत फुटली तर सांगाडा कोसळतो. म्हणून हवा भरून झाली कीं मागच्या लहान नळ्यांच्या तोंडांचे चिमटे लावून ठेवावे, असा शहाण्यांचा परिपाठ आहे. पुढची नळी गेली तरी मागच्यांत हवा राहते. आणि येथें या जातीचा शेवटचा, पण सर्वांत मोलाचा गुण दिसतो. पतंग उठेनासा झाला, तर दोऱ्या दांडीवर नीट गुंडाळीत पतंगापर्यंत पोंचावें, त्याची टोंकें हातीं धरून त्याचें शीड करावें, आणि वाऱ्यानें किनाऱ्याकडे वाहत यावें. म्हणजे उडेनासा झाला तरी तो तराफा होतो. फॉइलपासून ही अपेक्षा करतां येत नाहीं.

जोरकस वाऱ्याचा खेळही नळीच्या पतंगाचाच आहे. दक्षिण आफ्रिकेंत केपटाउनच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यांत आग्नेयेकडून मोठा वारा सुटतो. हवा स्वच्छ करतो म्हणून तेथील लोक त्याला केपचा डॉक्टर म्हणतात. उंच उड्यांचे सामने तेथें होतात, आणि निष्णात खेळाडू पाण्यापासून तीस मीटरांहूनही उंच जातात. त्या झोतांत मिटणारा पतंग चालत नाहीं. आकार न सोडणारा सांगाडा असावा लागतो, आणि पतंग आदळला तर पुढची लाट येण्यापूर्वीं उठावा लागतो.

इतकें ऐकून फॉइल ही चैनीची किंवा धोक्याची वस्तु आहे असा ग्रह करून घेणें चुकीचें होईल. पडण्याची जागा बदलली कीं निवाडाही बदलतो. नॉर्वेंतील हार्डांगरव्हिडाच्या पठारावर हिंवाळ्यांत लोक पायांत स्की चढवून पतंगानें बर्फावर धावतात. तेथें पतंग पडतो तो कोरड्या बर्फावर. कप्प्यांत पाणी शिरत नाहीं, वारा आला कीं कापड पुन्हां भरतें, आणि गोठत्या थंडींत पंप मारीत बसावें लागत नाहीं. अशा ठिकाणीं फॉइलचीच निवड स्वाभाविक ठरते. ग्रीनलंडच्या हिमपृष्ठावरून शेंकडों किलोमीटर जाणारे प्रवासीही त्याच जातीवर भिस्त ठेवतात, कारण पाठीवर किंवा घसरगाडींत नेण्यास तो हलका. २००८ सालीं 'बेलुगा स्कायसेल्स' नांवाचें मालवाहू जहाज इंधन वांचविण्यासाठीं १६० चौरस मीटरांचा कप्प्यांचा पतंग लावून अटलांटिकपार गेलें. तेथेंही पतंग डोलकाठीच्या साहाय्यानें जहाजावरच उतरवून घेण्याची सोय होती. फार काय, काइटसर्फिंगच्या पहिल्या धड्याला वाळूवर जो दोन-तीन चौरस मीटरांचा लहानसा पतंग देतात, तो बहुधा फॉइलच असतो. वाळूवर तो पडला तर झटकून पुन्हां उडवावा, इतकेंच. वाळूवर नवशिक्याचा सोबती असलेला हा पतंग पाण्यावर मात्र जाणत्याचा होतो.

आपल्या किनाऱ्यापुरतें बोलावयाचें तर एक जुना भूगोलाचा धडा आठवावा. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे येतात. रात्रीं जमीन निवते आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. मोरजीचा खेळ चालतो तो उन्हाळ्याच्या दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांवर. हे वारे बहुधा सौम्य असतात, म्हणून तेथें फॉइलचा मोह पडतो. तो मोह मुरलेल्या माणसानें खुशाल पुरवावा. परंतु दुपारचा वारा जसा चढतो तसा संध्याकाळीं उतरतो, आणि उतरत्या वाऱ्यांत पतंग पडण्याचा संभव सर्वांत अधिक. जो तांसभर अगोदर बाहेर येतो तो शहाणा. सकाळीं मतलई वारा चालू असतां, सोबत नौका नसेल तर, कोणत्याही जातीचा पतंग घेऊन पाण्यांत उतरूं नये. तो वारा माणसाला किनाऱ्यापासून दूर नेतो, आणि मग तराफा असूनही उपयोग नाहीं. पावसाळ्याचा खवळलेला समुद्र तर कोळी बांधवही नारळी पौर्णिमेपर्यंत टाळतात. ज्यांचा जन्म लाटांवर गेला त्यांनीं पाळलेली मर्यादा पाहुण्यानें मोडूं नये.

तेव्हां निवड करणाऱ्यानें स्वतःला कांहीं प्रश्न विचारावे. आपला पतंग दिवसांतून किती वेळां पडतो? तो पडतो तेथें खालीं काय आहे, पाणी, वाळू कीं बर्फ? पडल्यावर तो कोण उठविणार, आपण स्वतः कीं नौकेवरचा कोणी? पाण्यांत नव्यानें उतरणाऱ्यास या प्रश्नांचीं उत्तरें एकाच दिशेला नेतात. त्यानें शिक्षकाच्या देखरेखीखालीं, आपल्या वजनाला व तेथील वाऱ्याला जुळेल अशा आकाराच्या नळीच्या पतंगावर शिकावें. पतंग विकत घेण्याची घाई करूं नये. वर्गांतील पतंगावर तो पाण्यांतून शंभर वेळां उठविण्याची संवय झाली म्हणजे मग घ्यावा. जुना घेतला तर हवा भरून रात्रभर तसाच ठेवावा. सकाळीं ताठ असला तर बरा. दोन-तीन हंगाम गेले, पतंग पडणें विरळ झालें, आणि मंद वाऱ्याचे दिवस वायां जाण्याची हळहळ वाटूं लागली, कीं फॉइलची वेळ आली असें समजावें. त्यालाही पहिले धडे उथळ पाण्यांत आणि किनाऱ्याकडे येणाऱ्या वाऱ्यावरच द्यावे, आणि प्रत्येक खेळानंतर तो गोड्या पाण्यानें धुऊन सावलींत पूर्ण वाळवावा. डोक्याला शिरस्त्राण, अंगांत तरंगतें जाकीट, दोरी कापण्याची आंकडेदार सुरी आणि किनाऱ्यावर लक्ष ठेवणारा एक सोबती, इतक्या गोष्टी दोन्ही जातींना सारख्याच लागू आहेत.

घरांतील वडील माणसांना पतंगाचें शास्त्र ठाऊक असण्याची जरुरी नाहीं. मुलानें पतंग मागितला तर त्याच्या वेगाची व उंच उड्यांची वर्णनें तो आपण होऊन ऐकवील. तीं कौतुकानें ऐकावीं. मग त्याला एवढेंच विचारावें कीं, "किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर हा पतंग पाण्यांत पडला, वारा उतरला आणि जवळपास कोणी नसलें, तर तूं परत कसा येशील?" या प्रश्नाला ज्याचें उत्तर तयार असेल आणि जो तें पाण्यांत करून दाखवील, त्याच्या हातीं दोहोंपैकीं कोणताही पतंग द्यावयास हरकत नाहीं. ज्याचें उत्तर तयार नसेल त्याला आधीं तें शिकूं द्यावें. समुद्र आणि वारा कोठें जात नाहींत.